मोजून घेतलेले सोने

विजयादशमीच्या सायंकाळी सीमोल्लंघन करून परतलेला गृहस्थ उंबऱ्यावर ओवाळून घेतो, देवापुढे आपट्याची पाने ठेवतो आणि मग थोरामोठ्यांच्या हाती एकेक पान देऊन म्हणतो, ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा.’ हे पान देताना आपण ज्या कथेची आठवण करतो ती बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तिच्यातील एका बारकाव्याकडे सहसा लक्ष जात नाही. गेली चाळीस वर्षे नवरात्राच्या कीर्तनात मी ते आख्यान लावीत आलो. पण त्या बारकाव्याचा अर्थ मला कळला तो व्यासपीठावर नव्हे, सराफाच्या पेढीवर. तोही बऱ्याच उशिरा.

कथा महाकवी कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात सांगितली आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स विद्या संपवून निघाला. ‘तुझी सेवा हीच माझी दक्षिणा’ असे गुरूंनी सांगितले तरी त्याने पुनःपुन्हा आग्रह धरला. तेव्हा गुरू रागावून म्हणाले, ‘चौदा विद्या दिल्या, तर चौदा कोटी आण.’ कौत्स रघुराजाकडे आला. पण रघूने नुकताच विश्वजित यज्ञ करून सर्वस्व दान केलेले! अतिथीला अर्घ्य देण्यासाठीसुद्धा त्याच्याजवळ मातीचेच पात्र उरले होते. याचक विन्मुख जाऊ नये म्हणून रघूने कुबेरावर चाल करण्याचे ठरवले. पहाटे भांडारावरचे अधिकारी धावत आले. कोशगृहात रात्री सुवर्णवृष्टी झाली होती. रघूने ते सारेच्या सारे कौत्सापुढे ठेवले. कौत्स म्हणाला, ‘गुरूचे देणे चौदा कोटी. त्याहून अधिक एकही नको.’ देणारा मागणीपेक्षा अधिक देतो आहे आणि घेणारा गरजेपेक्षा अधिक घेत नाही, हे पाहून साकेतनगरीचे लोक दोघांनाही धन्य म्हणाले. ती वृष्टी शमीच्या किंवा आपट्याच्या झाडावर झाली आणि उरलेले सोने लोकांनी लुटून नेले, ही पुढची भर लोकपरंपरेची.

आता बारकावा तो असा. कौत्साने सोन्याची रास मागितली नाही, संख्या मागितली. जेथे संख्या आली तेथे मोजणे आले, आणि सोने मोजायचे तर त्याचे तुकडे एका वजनाचे व एका कसाचे असले पाहिजेत. म्हणजेच तेथे नाणे आले. सोन्याचा दागिना अंगावर मिरवतो, सोन्याची लगड पेटीत निजते. परंतु कोणाचे देणे नेमके फेडायचे असेल तर नाणेच लागते. सोने वेळेवर आणि योग्य मोलाने हातावेगळे करता यावे, यासाठीच माणसाने त्याचे नाणे पाडले. आज दसऱ्याच्या मुहूर्तावर सोन्याचे नाणे घेण्यास पेढीवर जाणाऱ्या माणसाने एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचे पुष्कळ पस्तावे टळतील.

निष्कापासून सुवर्णापर्यंत

आपल्या वाङ्मयात सोन्याचे मोजमाप फार जुने आहे. ऋग्वेदात ‘निष्क’ हा गळ्यातील अलंकार आहे; गळ्यात निष्क घालणाऱ्याला तेथे ‘निष्कग्रीव’ असे विशेषण आहे. पुढे हाच शब्द ठराविक वजनाच्या सोन्याला आणि नंतर नाण्याला लागला. बृहदारण्यक उपनिषदात जनकराजाने ब्रह्मिष्ठ पंडितासाठी हजार गाई बांधल्या, त्या प्रत्येक गाईच्या शिंगांना सोन्याचे दहा दहा ‘पाद’ बांधले होते. पाद म्हणजे चौथा हिस्सा. तेथेही सोने उधळलेले नाही, मोजलेले आहे. याज्ञवल्क्यांनी चर्चेपूर्वीच शिष्याला त्या गाई हाकून न्यायला सांगितले, हा भाग श्रोत्यांना हमखास हसवतो. पण शिंगावरचे पाद मोजलेले होते, हे सांगण्यास आम्ही कीर्तनकार विसरतो.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पाच कृष्णल म्हणजे एक माष आणि सोळा माष म्हणजे एक सुवर्ण असे कोष्टक दिले आहे. कृष्णल म्हणजे आपली गुंज. ऐंशी गुंजांचा एक सुवर्ण झाला. आमच्या लहानपणी सराफाच्या तराजूत आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा होता. कोष्टक बदलले, पण लाल-काळी गुंज दोन हजार वर्षे जागची हलली नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर या व्यवहाराचे संपूर्ण खातेच आहे. नाणी पाडण्यावर लक्षणाध्यक्ष, नाणी पारखण्यास रूपदर्शक, सोन्याच्या कामावर सुवर्णाध्यक्ष, असे अधिकारी नेमलेले आहेत. सोने चोरण्याचे पाच मार्गही ग्रंथकाराने नावानिशी सांगितले आहेत: तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक आणि पिंक. तुलाविषम म्हणजे खोटा तराजू. पेटकाचा एक प्रकार ‘गाढपेटक’. त्यात आत शिसे आणि वरून सोन्याचा पत्रा. कसोटीच्या दगडावर नखात लपवलेला गेरू भुरभुरून कस उजळ दाखवणाऱ्या लबाडाचीही तेथे नोंद आहे. आज खोट्या नाण्याच्या पोटात शिशाऐवजी टंगस्टन घालतात, कारण त्याची घनता सोन्याच्या अगदी जवळ असल्याने वजनावरून आणि आकारावरून फसवणूक उमगत नाही. साधन नवे झाले. गाढपेटक तोच आहे.

ठशावरची लक्ष्मी

सोन्याच्या नाण्याचे दुसरे अंग म्हणजे त्यावरचा ठसा. वजन पोटासाठी असते, तर ठसा डोळ्यांसाठी आणि विश्वासासाठी. भारतात सोन्याची नाणी नियमितपणे पाडण्यास कुषाणांनी प्रारंभ केला आणि गुप्तांनी त्यांना सौंदर्य दिले. समुद्रगुप्ताच्या एका नाण्यावर राजा मंचकावर बसून वीणा वाजवीत आहे, तर दुसऱ्यावर अश्वमेधाचा घोडा उभा आहे. गुप्तांच्या अनेक नाण्यांच्या मागील बाजूस देवी लक्ष्मी दिसते आणि कडेने छंदोबद्ध संस्कृत चरण कोरलेले असतात. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरी नांदत नाहीत असे म्हणणाऱ्याने वीणावादक समुद्रगुप्ताचे नाणे अवश्य पाहावे. १९४६ मध्ये राजस्थानात बयाना येथे गुप्तांच्या सुवर्णनाण्यांचा मोठा ठेवा सापडला. त्यातील अठराशेहून अधिक नाण्यांची साक्षेपी सूची १९५४ मध्ये प्रसिद्ध केली ती आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे.

देवगिरीच्या यादवांचे ‘पद्मटंक’ हे नाणे मध्यभागी कमळ असलेले, किंचित वाटीसारखे खोलगट. त्यावर राजाचे नाव नागरी लिपीत उठवलेले असे. ज्ञानेश्वरमाउलींच्या काळी बाजारात हेच सोने फिरत होते. पुढे शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे ६ जून १६७४ रोजी, रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या सुवर्ण होनावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे आहेत. पावणेतीन-तीन ग्रॅमचे ते इवलेसे नाणे! पण परकीयांच्या नाण्यांनी भरलेल्या बाजारात ती नागरी अक्षरे उमटली, तेव्हा राज्य कोणाचे हे निराळे सांगावे लागले नाही. राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांची सुवर्णतुला झाली आणि तीत सुमारे १६,००० होन भरले, असे तत्कालीन इंग्रजी कागदांत नमूद आहे. येथेही सोने मोजलेले आणि मोजून दिलेले.

आपल्या आयाबहिणींनी मात्र नाण्याला पुन्हा गळ्यात नेले. ‘पुतळी’ म्हणून आपण जी ओळखतो ती मुळात व्हेनिस नगराची डुकाट. १२८४ पासून १७९७ पर्यंत, पाचशे वर्षांहून अधिक काळ, साडेतीन ग्रॅमचे हे चोख नाणे जवळजवळ एकाच ठशाने पाडले गेले. त्यावरील संताची आणि गुडघे टेकलेल्या नगरपतीची मूर्ती पाहून आपल्याकडे त्याला पुतळी म्हणू लागले आणि ‘पुतळ्यांची माळ’ हा मराठी स्त्रीचा दागिना झाला. परदेशी संत आपल्या तुळशीवृंदावनापुढे हळदीकुंकवाचा धनी झाला! अडचण आली की माळेतली एक पुतळी ओवणीतून काढायची आणि सुगी झाली की दुसरी ओवायची, हा त्या माळेचा खरा उपयोग. दागिना असूनही ती मोजता येत होती.

पुतळीनंतर आली ती गिनी. इंग्रजांचे सॉव्हरिन हे नाणे १८१७ पासूनचे. वजन ७.९८ ग्रॅम, कस २२ कॅरेट, आत निव्वळ सोने ७.३२ ग्रॅम. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, हे नाणे मुंबईच्या टाकसाळीतही पाडले गेले. त्यावर हिंदुस्थानची खूण म्हणून एक बारीक इंग्रजी ‘आय’ अक्षर आहे. त्याच वर्षी त्याच वजनाची पंधरा रुपयांची सोन्याची मोहरही मुंबईत पाडली गेली. ‘गिनी सोने’ म्हणजे बावीस कॅरेट हा शब्दप्रयोग आजही सराफ्यात चालतो, तो या नाण्याच्या पुण्याईवर.

तोलाचे नाणे आणि दर्शनी नाणे

आजच्या बाजारात सोन्याची नाणी दोन जातींची असतात, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळेच गिऱ्हाईक फसते.

पहिली जात बुलियन नाण्यांची; आपण त्यांना तोलाची नाणी म्हणू. यांची किंमत मुख्यतः आतील सोन्याच्या वजनावर ठरते आणि त्या दिवसाच्या भावाबरोबर खालीवर होते. दक्षिण आफ्रिकेने १९६७ मध्ये क्रूगररँड काढले. त्यात एक औंस, म्हणजे ३१.१० ग्रॅम, शुद्ध सोने असते. पण झीज सोसावी म्हणून तांबे घालून ते २२ कॅरेटचे केलेले असल्यामुळे प्रत्यक्ष वजन ३३.९३ ग्रॅम भरते. कॅनडाचे मेपल लीफ १९७९ चे, चीनचे पांडा १९८२ चे, अमेरिकेचे ईगल १९८६ चे, ब्रिटनचे ब्रिटानिया १९८७ चे. ऑस्ट्रियाने १९८९ मध्ये व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाच्या नावाने जे नाणे काढले, त्यावर तंतुवाद्ये आहेत; समुद्रगुप्ताच्या वीणेची ही दूरची भाची म्हणावी! आपल्याकडे नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘भारतीय सुवर्ण नाणे’ निघाले. २४ कॅरेट, ९९९ कसाचे, एका बाजूस अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूस महात्मा गांधी. प्रारंभी ते ५ आणि १० ग्रॅमचे होते. मात्र ते चलन नव्हे. दुकानात देऊन त्याने भाजी घेता येत नाही.

दुसरी जात प्रूफ नाण्यांची. यांना दर्शनी नाणी म्हणणे योग्य. ठसा आणि कोरी चकती दोन्ही घासूनपुसून आरशासारखी करतात, एकाच चकतीवर दोन किंवा अधिक वेळा भारी दाबाने ठसा मारतात, आणि उघड्या हाताचा स्पर्श होऊ न देता ते नाणे डबीत बंद करतात. पार्श्वभूमी आरशासारखी आणि आकृती हिमासारखी धूसर, असे त्याचे रूप असते. आपल्या सरकारी टाकसाळीही स्मारक नाण्यांचे प्रूफ संच संग्राहकांसाठी काढतात. ही कला वंदनीय आहे. परंतु प्रूफ नाण्यात सोने गुंजभरही अधिक नसते. अधिक असते ती घडणावळ आणि दुर्मिळता. ती हौस म्हणून घ्यावी. देवदर्शनाला दिलेली दक्षिणा जशी आपण परत मागत नाही, तशी प्रूफची वरकड किंमत परत येईलच असे धरू नये. शिवाय बोटाचा एक ठसा उमटला की तेही मोल उणावते.

याखेरीज तिसरी वस्तू मिळते, तिला नाणे म्हणणेच चूक. खासगी पेढ्या देवदेवतांच्या आकृती उठवून ज्या सुवर्णमुद्रा विकतात, त्यांवर कोणत्याही राज्याची मुद्रा नसते. ती पदके आहेत. सोने चोख असेल तर पदकही वाईट नाही. पण पदकाला प्रूफ नाण्याची किंमत देणे म्हणजे ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ नव्हे, तर वाळा सोन्याचा आणि दाम हिऱ्याचे!

माझ्या घरची गोष्ट

हे सारे मी ग्रंथातून सांगू शकलो असतो. पण कीर्तनकाराने अनुभवावाचून बोलू नये.

माझे वडीलही हरिदास होते. आमच्या आईजवळ सहा पुतळ्यांची माळ होती. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर गावोगाव संरक्षणनिधीसाठी सोने गोळा झाले, तेव्हा तिने ती देऊन टाकली. पुढे सुवर्णनियंत्रणाचे दिवस आले. १९६३ मध्ये नियम झाले, १९६८ मध्ये कायदा झाला. लगडी-चिपा बाळगण्यास मनाई झाली आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सामान्य घरात दागिन्यावाचून सोने दिसेनासे झाले. त्या काळात एका नवरात्रात वडिलांचे कीर्तन संपले, आरतीचे तबक फिरले, आणि घरी येऊन चिल्लर मोजताना तीत एक गिनी निघाली. कोणी टाकली ते कधीच कळले नाही. वडिलांनी ती आईच्या हाती दिली. दर दसऱ्याला ती देवापुढे आपट्याच्या पानावर ठेवायची आणि एकादशीला परत डब्यात घालायची, असा आमच्या घरचा नेम पडला.

२०१२ च्या दसऱ्याला मी स्वतःच्या कमाईतून सोने घ्यायचे ठरवले. एका मोठ्या पेढीवर मखमली डबीत, प्रमाणपत्रासह, दहा ग्रॅमची लक्ष्मीची सुवर्णमुद्रा ठेवली होती. आरशासारखी लखलखीत. विक्रेता ‘प्रूफ’, ‘मर्यादित संख्या’, ‘दुर्मिळ’ असे शब्द वापरीत होता. सोन्याच्या त्या दिवसाच्या भावावर जवळजवळ पाचवा हिस्सा अधिक देऊन मी ती घेतली. आयुष्यभर शब्दांवर उपजीविका केलेला मी, त्या शब्दांचे मोल विचारायला विसरलो.

२०१५ च्या पावसाळ्यात पत्नीच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग आला आणि शेवटी वीस हजारांच्या आत-बाहेर रक्कम कमी पडली. मी गिनी आणि मखमली डबी दोन्ही घेऊन आमच्या गावच्या जुन्या सराफांकडे गेलो. त्यांनी प्रथम डबी उघडली, मुद्रा पाहिली, कस घेतला आणि म्हणाले, “शास्त्रीबुवा, सोने चोख आहे. पण मी सोन्याचेच पैसे देणार. मखमलीचे कोण देतो?” भाव मधल्या काळात उतरला होता, त्यात ती वरची रक्कम बुडालेली. मी दिलेल्या दामाचा जवळजवळ एकतृतीयांश भाग गेला होता. मग त्यांनी गिनी हातात घेतली, काठ पाहिला, तराजूत टाकली आणि कसोटीचा दगड न उचलताच आकडा सांगितला. सोन्याच्या मोलापेक्षा थोडा अधिकच.

खरे पाहता विकायला हवी होती ती लक्ष्मीची मुद्रा. परंतु तोटा कबूल करायला मन धजेना. ‘गिनीत भागते आहे,’ असे मी स्वतःला समजावले आणि वडिलांच्या कीर्तनाच्या तबकात आलेले ते नाणे देऊन टाकले. पत्नी बरी होऊन घरी आली. त्या दसऱ्याला देवापुढे मखमली डबी पाहून ती एवढेच म्हणाली, “मामंजींची गिनी गेली, आणि ही राहिली होय?” मी उत्तर दिले नाही. त्याच रात्री मी देवळात कौत्साचे आख्यान सांगत होतो.

त्यानंतर सोन्याचे भाव कितीतरी पटींनी चढले. आज ती मुद्रा विकली तर दिलेल्या दामाहून पुष्कळ अधिक येईल. पण म्हणून माझा व्यवहार शहाणपणाचा ठरत नाही; त्याच भावाने गिनीही चढली असती. भाव चढला की मूर्खपणा झाकला जातो, नाहीसा होत नाही.

घेताना काय पाहावे

म्हणून यंदा नाणे घ्यावयास जाणाऱ्यांना चार गोष्टी सुचवतो. पहिली, घेण्यापूर्वीच विचारावे की हे परत कोण घेईल आणि कोणत्या हिशेबाने. पूर्वी अनेक बँका नाणी विकत, परंतु विकलेले नाणे परत घेत नसत. ते घेऊन गिऱ्हाईक सराफाच्या दारी उभे राही. दुसरी, दिवसाचा भाव आणि नाण्याची किंमत यांतील अंतर कागदावर मांडून घ्यावे. तीन टक्के वस्तू व सेवा कर धरून उरलेले अंतर कशाचे, हे दुकानदाराकडून ऐकावे. नाणे जितके लहान तितके ग्रॅममागे हे अंतर मोठे. एक ग्रॅमची दहा नाणी दहा ग्रॅमच्या एका नाण्यापेक्षा महाग पडतात. मात्र अडचणीला एकेक मोडता येतात, हाही त्यांचा गुण आहे.

तिसरी, नाण्यावर कसाचा आकडा, भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ज्या टाकसाळीने किंवा शुद्धीकरण कारखान्याने ते पाडले त्याची खूण पाहावी आणि पावती जपावी. सीलबंद वेष्टन उगाच फोडू नये. पण वेष्टनाला सोने समजू नये. चौथी, संग्रहाची हौस असेल तर नाणी कधीही घासून उजळू नयेत. जुन्या नाण्याची झीज आणि छटा ही त्याची जन्मपत्रिका असते. चिंच लावून चकाकवलेली मोहर जाणकाराच्या लेखी विद्रूप झालेली असते.

जुन्या नाण्यांविषयी कायदाही ध्यानात असावा. जमिनीत पुरलेला ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात-निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शेतात नांगराला लागलेला हंडा ‘आपला’ होत नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि ती परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाहीत. ज्याला खरोखर नाणी शिकायची आहेत त्याने आधी पाहावी, मग घ्यावी. नाशिकजवळ अंजनेरीच्या पायथ्याशी १९८० मध्ये नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, ती डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाच्या पुढाकाराने. त्यांचे ग्रंथ वाचणे हे एका नाण्याच्या खरेदीहून अधिक लाभाचे आहे.

उरलेले सोने

यंदा आमच्याकडे संस्कृत शिकायला येणारी एक मुलगी पदव्युत्तर अभ्यासाला निघाली आहे. तिची फी भरायची आहे आणि घरची स्थिती मला ठाऊक आहे. मी तिला मखमली डबी दाखवून म्हटले, “बाळ, ही सगळी तुझी.” तिने विचारले, “गुरुजी, हिचे किती येतील?” मी सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “मला एवढे नकोत. फीपुरतेच द्या.” नंतर तिने आकडा कागदावर लिहून दिला, त्यात वसतिगृहाची अनामत होती, पुस्तकांचे पैसे होते, गाडीभाडे होते, आणि वर एक रुपयाही नव्हता.

मी तो कागद पत्नीला दाखवला. तिने चष्मा लावून हिशेब केला. दहा ग्रॅमच्या त्या मुद्रेतून मुलीची फी जाऊन सव्वासात ग्रॅम सोन्याच्या आसपास रक्कम उरत होती. ती म्हणाली, “अहो, पदरचे थोडे घातले तर उरलेल्यात एक गिनी येईल.”

एकादशीला आम्ही दोघे त्याच सराफांकडे जाणार आहोत. येणारी गिनी वडिलांच्या तबकातली नसेल. पण वजन तेच, कस तोच, ठसा तोच. नाण्याचे हेच भूषण की एक गेले तरी दुसरे त्याच्या जागी तंतोतंत उभे राहते. पुढच्या दसऱ्याला ती आपट्याच्या पानावर बसेल, आणि ज्याचे देणे अडले असेल तो दारी येईपर्यंत आमच्या घरी राहील.

सुज्ञ वाचकहो, सोने घ्या, सोन्यासारखे राहा. आणि घ्याल ते मोजून घ्या.